दुखण्याच्या अलीकडे

रुमाल खुर्चीच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. भूदेवीअम्मांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा खांदा किंचित खाली आला, जेमतेम बोटाच्या पेराएवढा, आणि पुन्हा जागेवर गेला. चेहऱ्यावर वेदना नव्हती, भीतीही नव्हती. त्यांनी नजर उचलली आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या, जणू रुमाल दुसऱ्याच कुणाचा होता.

काचेच्या पलीकडे उभी राहून डॉ. शर्वरी दुधनीकर हे पाहत होती. सोलापूरच्या कटिविकार संशोधन केंद्रात ती उपचारप्रमुख होती. वीस वर्षं तिने लोकांच्या कंबरा दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि माणूस वाकायचं टाळतो तेव्हा कसा दिसतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो आधी ओठ आवळतो, मग काहीतरी धरायला शोधतो. अम्मांनी यांतलं काहीच केलं नव्हतं. त्यांनी टाळलंच नव्हतं. वाकण्याची इच्छा आली आणि निघून गेली, इतकंच.

शर्वरी दार उघडून आत गेली.

"अम्मा, रुमाल पडलाय."

"बघितलं की."

"मग उचला ना."

"राहू दे की. कुठं पळून चाललाय का तो?"

"दुखेल असं वाटतंय?"

"छ्या! दुखायचं नाव नका काढू." अम्मा हसल्या. हसणं वरच्यावर होतं, छातीपासून सुरू होऊन गळ्यात संपणारं. "दोन वर्षं होत आली, मला कंबर हाय का नाय तेच आठवत नाय. आधी हितं आले तवा कसं वरडत आले होते! आणि तुम्ही असं काय बघलालाव माझ्याकडं? भूत बघितल्यावानी?"

"काही नाही, अम्मा." शर्वरीने रुमाल उचलायचं मनात आणलं. मग तिने मदतनीस बाईला हाक मारली.

भूदेवी गड्डम यांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. मांडी घालायची, मांडीवर सूप घ्यायचं आणि पाठीचं धनुष्य करून संध्याकाळपर्यंत बसायचं. पहिल्यांदा मुलगी आणि जावई त्यांना खुर्चीसकट उचलून घेऊन आले होते. शर्वरीने त्यांना नेहमीचे व्यायाम शिकवले. उताणं झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर वर उचलायची. हातापायांवर ओणवं राहून पाठ मांजरासारखी वर घ्यायची, खाली सोडायची. थोडं दुखेल, दुखलं तरी मोडणार काही नाही, असं तिने बजावलं होतं. अम्मा चार दिवस आल्या आणि यायच्या बंद झाल्या.

बहुतेकांचं असंच होई. व्यायामाने कंबर सुधारते हे सगळ्यांना मान्य होतं, फक्त तो करवत नसे. शर्वरी वाकून, उचलून, आधार देऊन लोकांना उभं करत राहिली, आणि त्यात तिची स्वतःची कंबर गेली.

तेव्हा इर्शाद बागवानने आवरपट्टा बनवला.

इर्शाद जैवसंकेतांचा अभियंता होता. पाठीच्या कण्यालगत खोलवर लहान लहान स्नायू असतात. आपण हात उचलतो, खोकतो किंवा खुर्चीतून उठतो, त्याच्या क्षणभर आधी ते आपसूक ताठ होतात. ज्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखते त्यांच्यात हे ताठ होणं वेगळ्या लयीत होतं, आणि ती लय प्रत्येकाची निराळी असते. इर्शादने स्नायुलेखातून, म्हणजे स्नायूंच्या विद्युतसंकेतांच्या नोंदीतून, ती पकडली. दुखण्याच्या पाऊण सेकंद आधी ती उमटते, म्हणून त्याने तिला पूर्ववेदना असं नाव दिलं. पट्टा पूर्ववेदना ओळखायला शिके आणि ती दिसताच कमरेच्या मज्जातंतूंना इतका हलका विद्युतस्पर्श देई, की तो त्वचेला कळतही नसे. बाळाला थोपटलं की त्याची चुळबुळ थांबते, तशी हालचालीची तयारी तिथल्या तिथे निवळे. या स्पर्शाला त्यांनी थोपटणी म्हटलं.

कल्पना साधी होती. माणसाने व्यायाम करावा, दुखण्याच्या अलीकडे पट्ट्याने त्याला आवरावं, म्हणजे दुखणार नाही आणि माणूस उद्या पुन्हा येईल. माणसं खरोखरच पुन्हा येऊ लागली. भूदेवीअम्मा पहिल्या. दोन वर्षांत जिल्ह्यात चाळीस हजार पट्टे झाले. रुग्णाच्या अंगावर जे घालायचं ते आधी आपण घालायचं, असा शर्वरीचा नियम असल्यामुळे केंद्रातल्या सगळ्यांनीच ते घातले. इर्शाद तेवढा सुटला.

"मी दिवसातून पाच वेळा वाकतो मॅडम," तो म्हणाला होता. "माझ्या कमरेला तक्रार करायला वेळ कुठाय?"

त्या दुपारी त्याने शर्वरीला प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर भूदेवीअम्मांचा हालचाल-अवकाश होता, म्हणजे थोपटणी न होता त्यांची पाठ जिथवर जाऊ शकते तो सगळा भाग. तो निळ्या रंगात दाखवलेला असे.

"हा पहिला महिना," इर्शाद म्हणाला. "हात गुडघ्याखाली पोचला की पट्टा थोपटायचा. सहाव्या महिन्यात मांडीवरच. आणि हे आज सकाळचं."

निळा रंग शोधावा लागला.

"आज त्या वाकल्याच नाहीत," शर्वरी म्हणाली.

"तेच तर. वाकल्या नाहीत आणि थोपटणी झाली. नुसतं रुमालाकडं बघितलं आणि उचलावं असं मनात आलं, तेवढ्यावर."

"पट्टा बिघडलाय."

"दुसरा लावला, तिसरापण लावला. बिघडायला तो काय आपल्या केंद्राची लिफ्ट आहे?" मग तो हसायचा थांबला. "मॅडम, मी वायरवाला माणूस. मला एक सांगा. व्यायामाने कंबर बरी होते म्हणजे नेमकं काय होतं?"

"स्नायूंना बळ येतं."

"हे तुम्ही पेशंटला सांगता. मला सांगा."

"बळ येण्याच्या आधीच पुष्कळांचं दुखणं उतरतं. म्हणजे नुसत्या बळाने ते होत नाही. मेंदूने एक अंदाज बांधलेला असतो, की वाकलास तर मोडशील. जुनी इजा कधीच भरून आलेली असते, अंदाज मात्र राहतो, आणि दुखतं ते त्या अंदाजामुळे. व्यायाम करताना माणूस वाकतो, थोडं दुखतं, पण मोडत काहीच नाही. असं रोज घडलं की मेंदूला आपला अंदाज बदलावा लागतो. व्यायाम म्हणजे त्याला..."

ती मध्येच थांबली.

"खोटं पाडणं," इर्शादने वाक्य पुरं केलं. "आणि आपला पट्टा त्याला एकदाही खोटं पडू देत नाही. दरवेळी त्याच्या अलीकडेच थांबवतो. मेंदू म्हणतो, थांबलो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तो आणखी थोडं आधी घाबरतो, आणि पट्टा आणखी थोडं आधी थोपटतो."

"आणखी किती जणांचं असं?"

"तीनशे जणांचं काढलं. सगळ्यांचं. कुणाचं भराभर, कुणाचं सावकाश."

"पण एकसुद्धा तक्रार आलेली नाही, इर्शाद."

"कोण करणार? दुखतंय कुणाला?"

प्रयोगशाळेतून बाहेर पडताना शर्वरीने केंद्राकडे नव्याने पाहिलं. जमिनीलगत काहीच उरलं नव्हतं. चपलांचा कप्पा छातीच्या उंचीवर आला होता. विजेची बटणं, केराची टोपली, पाण्याचा नळ, सगळं वर सरकलं होतं. प्रत्येक बदल कुणीतरी सोयीसाठी म्हणून मागितला होता आणि इतरांना तो पटला होता. दसऱ्याला सोनं देताना या वर्षी कुणीच कुणाच्या पाया पडलं नव्हतं. हात जोडले, झालं. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अम्मांची परवानगी घेतली आणि पट्टा काही मिनिटं बंद केला. शर्वरीने त्यांचा हात हातात धरला.

"अम्मा, फक्त खुर्चीची पाठ सोडून पुढे या. जरासं दुखेल."

अम्मा दोन बोटं पुढे आल्या आणि ओरडल्या. दुखण्याने ओरडणाऱ्या माणसांची शर्वरीला सवय होती. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. अम्मांची नखं तिच्या मनगटात रुतली.

"मेले! मेले गं बाई! चालू करा ते! करा की!"

इर्शादने पट्टा चालू केला. चार श्वासांत अम्मांचा चेहरा सपाट झाला. "असलं परत नका करू," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या." हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

"उपाय आहे का?" त्या घरी गेल्यावर इर्शादने विचारलं.

"जुनाच आहे. थोपटणी रोज थोडी उशिरा व्हायला हवी. रोज थोडं दुखू द्यायचं, महिनोन् महिने. आणि शेजारी माणूस हवं, हात धरून मोडणार नाहीस असं सांगणारं."

"थोपटणी मागं सारायला, म्हणजे उशिरा करायला, मला इथून एक क्षण पुरेल, सगळ्या पट्ट्यांची एकदम. पण तो उपचारातला बदल झाला. तो तुम्ही ठरवायचा. तुम्ही सांगा, मी करतो."

"आधी रुग्णांना विचारू."

त्यांनी त्या तीनशे जणांना बोलावलं, सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं. कुणी चिडलं नाही. कुणी घाबरलंही नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, बरं चाललंय की, कशाला?

म्हणजे त्यांच्या नकाराविरुद्ध निर्णय घ्यावा लागणार होता. शर्वरीने तो मनाशी घेतला. संचालकांना सांगायचं, इर्शादला सांगायचं, आणि सुरुवात करायची. सोमवारी ती संचालक डॉ. प्रभंजन काळगी यांच्या खोलीत गेली. काळगी ताठ बसले होते. चहाचा कप त्यांच्या हनुवटीजवळ एका उंच तिवईवर होता.

"ये शर्वरी. काही खास?"

तिने बोलण्यासाठी श्वास घेतला, आणि तिला वाटलं, इतकी काय घाई आहे? तीनशे म्हणजे काही फार मोठा आकडा नाही. महिनाभर आणखी पाहावं. विचार समंजस होता.

"नाही सर. सहजच आले."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. काळगी कुठेतरी निघायच्या गडबडीत होते, तेव्हा नीट बोलणं झालं नसतं. त्याच्या पुढच्या वेळी तिला वाटलं, अम्मांची गोष्ट अपवादही असू शकेल. दरवेळी कारण वेगळं होतं आणि दरवेळी ते पटण्यासारखं होतं.

"काय मॅडम, आजपण मुहूर्त नाही निघाला?" इर्शाद विचारायचा.

"तुला चेष्टा सुचते."

"मला रडायला येत नाही म्हणून चेष्टा करतो. यंत्रमागवाल्यांचं ऐकलंत ना?"

तिने ऐकलं होतं. शहरातल्या एक लाख यंत्रमाग कामगारांना पट्टे द्यायचं काळगींनी ठरवलं होतं. ज्यांची कंबर अजून दुखतही नव्हती त्यांना, ती दुखू नये म्हणून. वाटप मकरसंक्रांतीला सुरू होणार होतं.

मार्गशीर्षात भूदेवीअम्मांना सर्दी झाली.

खोकणं हे कष्टाचं काम असतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकदम आवळावे लागतात, तेव्हा छातीतला कफ बाहेर पडतो. अम्मांना ठसका यायचा आणि घशाशी येऊन विरून जायचा. खोकला एका दिवसात थांबला म्हणून घरचे निर्धास्त झाले. ताप चढला तेव्हा त्यांनी अम्मांना रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टा काढायला लावला, पण तोवर फुप्फुसं भरली होती आणि अम्मा शुद्धीवर नव्हत्या. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

शर्वरी त्यांच्या घरी गेली. मुलगी दारातच भेटली. तिच्या कमरेलाही पट्टा होता.

"त्रास म्हणून काही झाला नाही बघा मॅडम," ती म्हणाली. "खोकल्यासुद्धा नाहीत. तुमचीच कृपा."

शर्वरी परत आली ती थेट प्रयोगशाळेत. इर्शाद तिची वाटच पाहत होता.

"आता तरी सांगताय?"

"हो," ती म्हणाली. तिने श्वास घेतला. "सांगते. पण अम्मांचं तेरावं होऊन जाऊ दे. घरचे दुःखात आहेत, आत्ताच ही चर्चा कशाला?"

इर्शाद उठला, त्याने दार लावलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा."

"मला काय झालंय?"

"तुम्ही तेराव्या-बाराव्याचा विचार कधीपासून करायला लागलात? तुमच्या वडिलांच्या वेळी चौथ्या दिवशी कामावर आला होतात तुम्ही. बसा, मॅडम."

त्याने तिचा पट्टा पडद्याला जोडला. एक पिवळी रेघ संथपणे सरकू लागली.

"थोपटणी झाली की हिरवा ठिपका येईल. आज रात्री जेवायला काय करणार, ते मनात म्हणा."

रेघ सपाट राहिली.

"अम्मांना आठवा."

रेघ थोडी थरथरली. ठिपका आला नाही.

"आता मला जे सांगायचंय ते मनात म्हणा. सांगणारच आहात अशा तयारीनं, फक्त तोंड उघडू नका. 'इर्शाद, थोपटणी मागे सार.' एवढंच."

शर्वरीने श्वास घेतला. रेघ चढली, एका ओळखीच्या लयीत, आणि हिरवा ठिपका उमटला. रेघ खाली आली. तिला काहीच जाणवलं नाही. खिडकीचा पडदा धुवायला टाकायला हवा, असं मात्र वाटलं.

"परत."

ठिपका.

"परत म्हणा."

पुन्हा ठिपका.

"काय वाटतंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे... आज नको, इतकंच."

ते शब्द तिने स्वतःच्या तोंडून ऐकले, आणि पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं. तिथे तिचा सोमवार होता, तिचे सगळे समंजस विचार होते.

"बोलायला कंबर कशाला लागते?" इर्शाद हळूच म्हणाला. "मला हे तुमच्याकडूनच ऐकायचंय. मी चुकत असलो तर बरं होईल."

"चुकत नाहीस." तिचा आवाज शिकवताना लागतो तसा कोरडा होता. "काही अवघड बोलायचं असलं की आपण खोल श्वास घेतो. श्वासपटलाची मुळं कमरेच्या मणक्यांना चिकटलेली असतात. पोट आवळतं, पाठ ताठ होते. पूर्वी सरांशी वाद झाला की त्या संध्याकाळी माझी कंबर हटकून भरून यायची. पट्ट्याने ती लय शिकून घेतली. वाकणं कोणतं आणि वाद कोणता, हे त्याला काय कळणार? याच्यामागून दुखणं येतं, एवढंच त्याला माहीत." ती थांबली. "तीनशे जणांनी नको म्हटलं."

"ते त्यांनी म्हटलंच नाही."

"हो म्हणायला त्यांना काही सेकंद दुखण्याच्या तयारीत राहावं लागलं असतं. त्यांना ते करताच आलं नाही, आणि मलाही. अम्मा खोकल्या नाहीत आणि मी बोलले नाही, एकाच कारणाने."

तिने सदऱ्याखाली हात घालून पट्ट्याचा चाप उघडायला घेतला. दोन वेळा तिचा हात अर्ध्यात थांबला आणि दोन्ही वेळा इर्शादने "परत" म्हटलं. तिसऱ्या वेळी पट्टा सुटला.

वेदना लगेच आली. आधी ती एका जागी होती, शेवटच्या दोन मणक्यांच्या मध्ये. मग ती पसरत खाली पायांत आणि वर फासळ्यांखाली गेली. हे दुखणं म्हणजे एक अंदाज आहे, काहीही मोडलेलं नाही, हे शर्वरीला या शहरात सर्वांत चांगलं माहीत होतं. त्या माहितीने दुखणं तसूभरही कमी झालं नाही. टेबलाची कड धरून ती उभी राहिली. घाम डोळ्यांत उतरत होता. आपण जे करणार आहोत ते हे आहे, तिने स्वतःला सांगितलं. हे, चाळीस हजार वेळा.

दारावर टकटक झाली आणि काळगी आत आले. यंत्रमागवाल्यांच्या पट्ट्यांविषयी इर्शादशी बोलायचं होतं. शर्वरीकडे पाहून ते थबकले.

"तुला काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला तिला थांबावं लागत होतं. काळगी खुर्चीवर बसून ऐकत राहिले. ते मूर्ख नव्हते. त्यांना सगळं समजलं.

"म्हणजे ज्यांना काहीही होत नाहीये, त्या लोकांना तू वेदना देणार?"

"हो."

"त्यांनी नको म्हटलेलं असताना?"

"विचारणारी मी होते सर, पण उत्तर पट्ट्याने दिलं. ते पट्ट्यात असेपर्यंत त्यांचं उत्तर आपल्याला कळूच शकत नाही. आणि पट्टा काढल्यावर विचारलं तर कुणीही पट्टाच मागेल. अम्मांनी मागितला. आत्ता मीही मागेन."

"मग त्यांच्या वतीने ठरवायचा तुला काय अधिकार?"

"काहीच नाही."

"सगळे तरतील?"

"नाही." हे तिने मोजलेलं होतं. म्हातारे होते, एकटे राहणारे होते, आधीच खचलेले होते. हात धरायला चाळीस हजार माणसं मिळणार नव्हती. "सगळे नाही तरणार."

"मी हे होऊ देणार नाही, शर्वरी," काळगी म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले, उठून तिच्या आणि इर्शादच्या मध्ये येण्यासाठी. त्यांनी खोल श्वास घेतला. मग तळवे सैल झाले आणि चेहऱ्यावरची आठी मिटली. "बघू," ते म्हणाले. "उद्या सावकाश बोलू."

"सर," शर्वरी म्हणाली, "पट्टा काढा. दुखेल, पण काढा, आणि मग मला अडवा. मला कुणीतरी अडवायला हवं आहे."

"काढू की," ते हसून म्हणाले. "घाई काय आहे?"

शर्वरीला कळलं, की तिला आता कुणीही अडवणार नाही. सर नाहीत, रुग्ण नाहीत, त्यांचे नातेवाईकही नाहीत. त्यांना राग येऊ लागेल आणि निवळून जाईल. आजवर कुठल्याही वैद्याला इतकी मोकळीक कुणी दिली नसेल. आणि उद्या पट्टे सैल होऊ लागले, राग निवळेनासा झाला, की ते सगळे पहिल्यांदा तिलाच शोधत येतील. बरे झाले म्हणून नव्हे. दुखतंय म्हणून.

पाठीतून पुन्हा एक कळ आली. खुर्चीवर पडलेला पट्टा हाताच्या अंतरावर होता. तो घातला की चार श्वासांत हे सगळं थांबेल, आणि तिला एखादं चांगलं कारण सुचेल.

"इर्शाद," ती म्हणाली. श्वास पुरेना. त्याने कळफलकावर हात ठेवला, पण तिच्याकडे न पाहता. ती फासळ्या दुखेपर्यंत छाती भरून घेत राहिली.

"थोपटणी मागे सार. सगळ्यांची. दुखू दे त्यांना."